बैलाच्या तापाला नाव आहे, माणसाच्या तापाला नाही!

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बैलाने वैरण सोडली आणि त्याचे अंग तापले, की शेतकरी आधी त्याच्या कानात, मानेखाली आणि जांघेत हात घालून गोचीड चाचपतो. जनावरांचा डॉक्टर येतो, थेंबभर रक्त काचेवर घेतो आणि सांगतो: गोचीडताप. रोगाला नाव मिळाले की औषध मिळते, गोठा फवारला जातो, शेजारचाही आपली जनावरे तपासून घेतो. त्याच गोठ्याच्या कडेला त्या घरातली सहा वर्षांची पोर खेळत असते. तिला ताप चढतो, चार दिवसांनी तळहातांवर आणि तळपायांवर लाल ठिपके उठतात, आणि तिच्या केसपेपरावर लिहिले जाते: 'ताप'. फार तर 'व्हायरल'. फारच झाले तर 'अज्ञात कारणाचा ताप'. बैलाला निदान आणि लेकराला अंदाज! ज्या आरोग्यव्यवस्थेचा हा न्याय आहे, तिच्यावर आम्ही आज उघड आरोप ठेवतो.

आरोप रोग आल्याचा नाही. गोचीड, पिसवा, उवा या भूमीवर माणसाइतक्याच जुन्या आहेत, आणि त्यांच्या पोटातले जिवाणूही. आरोप हा आहे की त्यांच्या चाव्याने माणसे मरणाच्या दारात जातात, आणि त्याचे ना निदान होते, ना नोंद. हा आरोप ठेवण्याचा हक्क बीडइतका दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्याला नाही. कारण हेच दुर्लक्ष १९९४ साली साऱ्या देशाला भोवले, आणि त्या वर्षीच्या प्लेगची पहिली खूण बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावात उमटली.

तो ऑगस्ट महिना आठवा. मामल्यात घरोघर पिसवांचा सुळसुळाट झाला. मागोमाग उंदीर पडू लागले. 'उंदीर पडणे' हे दोन शब्द जुन्या माणसांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकले होते, आणि ते ऐकले की घर सोडून रानात झोपडी घालायची, एवढे शहाणपण महाराष्ट्राच्या हाडात शंभर वर्षांपासून मुरलेले आहे. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की त्याच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात, आणि ते अंग माणसाचे असते. पिसूच्या पचनमार्गात जिवाणूंची गुठळी अडकते, तिच्या पोटात रक्त उतरत नाही, उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यागणिक जिवाणू ओकते. मग जांघेत किंवा काखेत गाठ येते, ताप भडकतो. उपचार मिळाले नाहीत तर अशा रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात; जिवाणू फुप्फुसात उतरला, तर जवळपास सगळेच. पाठ्यपुस्तकात ज्या क्रमाने हा रोग सांगितला आहे, त्याच क्रमाने तो मामल्यात आला. गावाने तो ओळखला. ज्यांनी पाठ्यपुस्तक वाचून पदव्या घेतल्या, त्यांची यंत्रणा मात्र पुढे कित्येक आठवडे चाचपडत होती.

त्याआधी वर्षभर, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. धक्क्यांच्या भीतीने मराठवाड्यातली असंख्य कुटुंबे घराबाहेर झोपू लागली. घरे बंद, कणगी भरलेल्या. बंद घरातले धान्य उंदरांना मोकळे झाले, त्यांची संख्या भरमसाट वाढली, रानातले उंदीर आणि घरातले उंदीर एका कणगीत आले, आणि रानउंदरांत वर्षानुवर्षे निपचित राहिलेला जिवाणू घरउंदरांत शिरला. तज्ज्ञांनी नंतर मांडलेली ही उपपत्ती साधी आणि पटण्यासारखी आहे. आमचा प्रश्न एवढाच: ही नंतर का मांडली गेली? भूकंपानंतर मंत्री आले, पथके आली, पत्रे आले, तंबू आले. बंद घरांतले उंदीर मोजायला कोण आले? देशात माणसांतल्या प्लेगचे शेवटचे पक्के रुग्ण १९६६ साली कर्नाटकात सापडले होते. त्यानंतर अठ्ठावीस वर्षे रुग्ण नाही, म्हणून रोगच नाही, असे सरकारने गृहीत धरले. रुग्ण दिसत नाही तेव्हा रोग उंदरात असतो. तिथे तो शोधायचा असतो. पहारेकऱ्याचे काम चोरी झाल्यावर सुरू होत नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत पेटले. फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे रेल्वेच्या टपांवर बसून शहर सोडून पळाली. त्यांत खानदेशातले आणि मराठवाड्यातले मजूर किती असतील! दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे ठोकली. परदेशांनी विमाने थांबवली, मालाची जहाजे अडवली. आणि मामल्याचा प्लेग सुरतेला गेला का? गेला असेल तर कुणाच्या अंगावरून, कोणत्या गाडीने, कोणत्या दिवशी? याचे छातीठोक उत्तर आजतागायत कुणाकडे नाही. जे रुग्ण तपासले नाहीत, ज्यांचा प्रवास लिहिला नाही, ज्यांच्या गाठीतला द्राव काढून ठेवला नाही, त्यांच्याबद्दल पुढच्या पिढ्यांनी कितीही प्रबंध लिहिले तरी हाती तर्कच लागणार.

आता आकड्यांकडे या, कारण या व्यवस्थेचे खरे रूप आकड्यांत दिसते. ऑक्टोबर १९९४ मध्ये जगापुढे गेलेल्या हिशेबात चाचणी सकारात्मक आलेले संशयित रुग्ण ६९३: महाराष्ट्र ४८८, गुजरात ७७, दिल्ली ६८, कर्नाटक ४६, उत्तर प्रदेश १०, मध्य प्रदेश ४. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत गेलेला आकडा ८७६, मृत्यू ५४. त्यात महाराष्ट्र ५९६, गुजरात १५१. साथ चालू असताना आकडा वाढतो, हे आम्ही समजू शकतो. पण हे आकडे होते कशाचे? बहुतेक रुग्णांच्या बाबतीत जिवाणू वाढवून पाहिलेला नव्हता. रक्तात प्लेगच्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तेवढ्यावर मोजणी चालली होती. प्रतिपिंडाची चाचणी एकदा करून काही सिद्ध होत नाही, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा. पहिला नमुना आजारपणात, दुसरा दहा-पंधरा दिवसांनी, आणि दोहोंमध्ये प्रमाण चौपट वाढले तर निदान पक्के. गाठीतला द्राव सुईने काढायचा, काचेवर रंगवायचा, दोन्ही टोके गडद दिसणारा सेफ्टी पिनसारखा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, अठ्ठावीस अंशांच्या उबेत तो वाढवायचा. ही सगळी विद्या जुनी. अलेक्झांडर यर्सिनने हा जिवाणू हाँगकाँगमध्ये १८९४ साली वेगळा काढला. त्याला नेमकी शंभर वर्षे झाली, त्याच वर्षी हिंदुस्थानात विद्वान मंडळी भांडत होती की हा प्लेग आहे की नाही!

ती भांडणे क्षुल्लक नव्हती. वेल्लोरच्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयातून सुरतेच्या आजाराबद्दल मेलिओइडोसिसची शंका मांडली गेली. कुणी आणखी दुसरे रोग सुचवले. प्रा. व्ही. रामलिंगस्वामींच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली, तिने प्लेगचाच निर्वाळा दिला. आणि हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जिवाणूच्या जनुकांवरून तो प्लेगचाच असल्याचे छापील पुराव्यानिशी मांडले ते २००० साली. साथ १९९४ ची, शिक्का २००० चा. मधल्या सहा वर्षांत शंका घेणारे मूर्ख नव्हते आणि खुलासा करणारे लबाड नव्हते. दोघांच्याही हातात नमुने अपुरे होते. ही नामुष्की शास्त्रज्ञांची नाही. ती त्या व्यवस्थेची आहे, जिने रुग्णाच्या अंगावरचा पुरावा वेळेवर उचलून जपला नाही.

हे काम होऊ शकते का? होऊ शकते, आणि याच देशात झालेले आहे. २००२ साली हिमाचलात हटकोटीच्या परिसरात फुप्फुसाचा प्लेग आला. सोळा रुग्ण, चार मृत्यू. २००४ साली उत्तरकाशीतल्या डांगुड गावात आठ रुग्ण, तीन मृत्यू. दोन्ही ठिकाणी साथ गावाबाहेर पडली नाही, निदान प्रयोगशाळेत पक्के झाले आणि पळापळ झाली नाही. डोंगरातल्या, बर्फातल्या गावांत जे साधले, ते सपाटीवरच्या बीडमध्ये का साधू नये?

आणि मागे जायचे तर आपल्याच मुंबईत जा. सप्टेंबर १८९६. मांडवीच्या गोदीलगत दवाखाना चालवणारे डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगास, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, एका तापाच्या रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहतात आणि म्हणतात: हा प्लेग आहे. नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना ते ऐकायचे नव्हते. बंदर बंद पडेल, व्यापार बुडेल, शहराचे नाव खराब होईल! व्हिएगासांनी शब्द मागे घेतला नाही. तज्ज्ञांनी तपासले आणि त्यांचेच निदान खरे ठरले. त्यांचा पुतळा आज मेट्रो सिनेमाच्या समोर उभा आहे. ज्यांनी त्यांना गप्प बसवू पाहिले, त्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत. पुढच्या फेब्रुवारीत, १८९७ साली, याच साथीपायी साथरोगांचा कायदा झाला. त्याच कायद्याने पुण्यात गोरे सोजीर लोकांच्या देवघरात शिरले आणि त्यातून काय रामायण घडले, ते महाराष्ट्राला सांगायला नको. तेव्हाचे सरकार बंदूक घेऊन घरात घुसत होते. आजचे सरकार रक्ताची बाटली घेऊन उंबऱ्यापर्यंतही येत नाही. लोकांचा विश्वास दोन्ही प्रकारांनी मरतो.

आता कुणी म्हणेल, प्लेग गेला, जुनी मढी का उकरता? उत्तर हे, की अशा चाव्यांतून येणारा प्लेग हा एकटाच रोग नाही. पिसू, गोचीड, उवा आणि गवतातले डोळ्यांना न दिसणारे माइट यांच्यातून येणारे रिकेट्सिया कुळाचे ताप महाराष्ट्रात आजही आहेत. गोचिडीतून येणारा भारतीय टिक टायफस आहे. पिसवांतून येणारा टायफस आहे. गवतातल्या चिगर माइटच्या अळीतून येणारा स्क्रब टायफस आहे. २०१८ च्या पावसाळ्यात त्याने नागपूर आणि विदर्भ हादरवला, माणसे गेली, आणि मग कुठे त्याचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. विदर्भातल्याच अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली मुलांतल्या ठिपक्यांच्या तापासाठी साध्या लक्षणांवरून गुण देण्याची पद्धत बसवली, म्हणजे लॅबची वाट न पाहता संशय पक्का करता यावा. अकोल्यात मुलांना हा ताप होतो आणि बीडच्या मुलांना होत नाही, असा विधिलिखित करार आहे काय? अकोल्यात शोधला म्हणून सापडला.

लक्षणे काही लपून बसत नाहीत. ताप, कपाळ फुटेल असे डोके, अंगदुखी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुरळ, आणि टिक टायफसमध्ये ते तळहात-तळपायांवरही. चाव्याच्या जागी कधी कधी विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग. तो काखेत असतो, जांघेत असतो, स्तनाखाली असतो, केसांत असतो. दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. आणि डॉक्टर अंगावरचे कपडे बाजूला करून पाहत नाही, म्हणून त्याला दिसत नाही. दोन मिनिटांची ती तपासणी! ती न केल्यामुळे पुढे किडनी, फुप्फुस, मेंदू धोक्यात येतात, बोटे काळी पडतात. या तपासणीला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही.

त्याऐवजी काय होते? विडालची चाचणी होते. टायफॉइड! टायफस आणि टायफॉइड हे दोन शब्द एकमेकांना इतके लागून आहेत की एकाचे नावच मुळी 'टायफससारखा' या अर्थाचे आहे. पण औषधात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टायफॉइड समजून दिलेली महागडी सेफ्ट्रियाक्सोनची इंजेक्शने पेशीच्या आत दडून बसणाऱ्या रिकेट्सियाचे काहीही वाकडे करत नाहीत. त्यांच्यावर चालते डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची गोळी. योग्य वेळी दिली तर बहुतेक रुग्णांचा ताप अठ्ठेचाळीस तासांत उतरू लागतो. मुलांचे दात पिवळे होतील म्हणून ती द्यायला घाबरणाऱ्यांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१७ साली स्पष्ट मार्गदर्शन केले, की या तापात अल्पकाळ दिलेली ही गोळी मुलांनाही द्यावी. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१५ साली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या तापांच्या निदानाची आणि उपचाराची सूत्रे छापली. कागद तयार आहे, गोळी स्वस्त आहे, आणि बाप व्याजाने पैसे काढून पोराला सलाईनवर सलाईन लावतो आहे. आम्ही याला अज्ञान म्हणणार नाही. ज्याला वाचायची सोय आहे आणि वाचायचे वेतन मिळते, त्याचे न वाचणे हा अपराध आहे.

चाचणीचेही तेच. वाइल आणि फेलिक्स या दोघांनी टायफससाठी शोधलेली चाचणी १९१६ सालची. पहिले महायुद्ध चालू होते, खंदकांत सैनिक उवांनी हैराण झाले होते. उवांतून टायफस पसरतो हे शार्ल निकोलने १९०९ साली ट्यूनिसमध्ये दाखवले होते; ज्यांच्या नावावरून हे जिवाणू ओळखले जातात त्या रिकेट्स आणि प्रोवाझेक यांनी या रोगाचा अभ्यास करतानाच त्याच्यापायी प्राण दिले. त्या बलिदानाच्या काळातली ही चाचणी, चुका करणारी, दुसऱ्या जिवाणूच्या आधाराने अंदाज बांधणारी. तरीही ती स्वस्त आहे आणि नसल्यापेक्षा बरी आहे. त्याहून भरवशाची एलायझा आहे, काळ्या डागाच्या खपलीवर करता येणारी पीसीआर आहे. आम्ही प्रत्येक आरोग्य केंद्रात पीसीआर मागत नाही. आम्ही एवढेच मागतो, की खपली आणि रक्त गोळा करून थंड पेटीतून अंबाजोगाईला पोहोचवण्याची सोय करा. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ज्याचा मराठवाडा अभिमानाने उल्लेख करतो, ते स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय याच जिल्ह्यात आहे. ज्या जिल्ह्यातून देशाला १९९४ ची साथ दिसली, त्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात पिसू, गोचीड आणि उवांच्या तापांचे स्वतंत्र केंद्र असायला हवे होते. ते मिळवण्यासाठी इतक्या वर्षांत बीडच्या किती लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात कंठ फोडला?

पण या प्रश्नाचा सर्वांत जळता भाग अजून पुढे आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, गेवराईची गावेच्या गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर. बैलगाडीत संसार, कडेवर लेकरू. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडाच्या कडेला पाचटाची कोपी उभी राहते. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला कुत्रे, शेळ्या. पायाखाली उसातले उंदीर. गोचीड, पिसू आणि माइट यांना याहून सोयीची वस्ती कुणी मुद्दाम बांधली नसती! अंघोळीला पाणी नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो तोवर कोपीत माणूस आहे की नाही, हे विचारणारा कुणी नाही.

इथे बाईला ताप येतो. दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गेलीच, तर परक्या जिल्ह्यात, परक्या तालुक्यात, कधी परक्या भाषेत. वर सांगितलेला रक्ताचा दुसरा नमुना आठवा: दहा-पंधरा दिवसांनी घ्यायचा. तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. पहिला नमुना सांगलीत, दुसरा कुठेच नाही, रोगी बीडचा, आकडा कुणाच्याही रकान्यात नाही. म्हणजे जी माणसे या रोगांच्या सर्वांत जवळ झोपतात, नेमक्या त्यांच्याच बाबतीत निदान पक्के करणे या व्यवस्थेच्या घडणीनेच अशक्य करून ठेवले आहे. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम चालू आहे. आरोग्यसेविकेने संशयित लिहायचे, डॉक्टरने संभाव्य लिहायचे, लॅबने पक्के लिहायचे, असे त्याचे तीन नमुने. आता ते संगणकावर भरले जातात. पण तिन्ही नमुने माणूस एका जागी राहतो असे धरून चालतात. बीडची लाखो माणसे वर्षातले पाच-सहा महिने एका जागी राहत नाहीत. या लाखांसाठी चौथा नमुना कोण काढणार?

आणि निदानाशिवाय उपचार केले की काय होते, हे बीडच्या बायकांच्या अंगावर कोरलेले आहे. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे दिसले. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, पाळी त्रास देते, एवढ्यावर! कारण शोधले नाही, कापून टाकले. आम्हाला त्या प्रकरणात आणि या तापात एकच हात दिसतो: गरिबाच्या शरीराला काय झाले आहे हे शोधण्याइतका वेळ त्याच्यावर घालवायचा नाही, हा निर्णय. तिथे तो सुरीने अमलात आला, इथे तो कोऱ्या रकान्याने अमलात येतो.

साथ जाहीर केली तर लोक घाबरतील, हा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद आम्ही शंभरदा ऐकला आहे. सुरतेत माणसे नाव कळल्यामुळे पळाली नाहीत. खरे काय ते कुणी विश्वासाने सांगत नव्हते, म्हणून पळाली. दुसरा युक्तिवाद पैशाचा. मेलेले उंदीर गोळा करायला चिमटा आणि पिशवी लागते, पिसवा मोजायला कंगवा आणि पांढरे कापड. हा खर्च नाही. हे नित्याचे काम आहे, आणि ते न करण्याचा पगार घेतला जात आहे. तिसरा युक्तिवाद, की असे रुग्णच नाहीत. शून्य तपासण्या केल्या, शून्य रुग्ण सापडले, आणि ते शून्य वर पाठवून शाबासकी घेतली! हे शून्य आम्ही मान्य करीत नाही. आरोग्य खात्याने जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याचा गेल्या पाच वर्षांचा हिशेब छापावा: पाच दिवसांहून अधिक टिकलेले ताप किती, त्यांतल्या किती जणांची टायफससाठी तपासणी झाली, किती नमुने बाहेर गेले, किती अहवाल रुग्णाच्या हातात परत आले. हा हिशेब छापता येत नसेल, तर जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी पत्रकार परिषद घेऊन तसे सांगावे. तेही उत्तरच असेल.

कारखान्यांनाही यातून सुटका नाही. गाळपाचा परवाना देताना साखर आयुक्त वजनकाटा पाहतात, देणी पाहतात. कोप्यांची जागा, पाणी, बैलांवरची गोचीडफवारणी आणि टोळीमागे आरोग्याची एक वही, हेही परवान्याच्या अटींत घाला. ती वही कोयत्याबरोबर फिरली पाहिजे, मुकादमाच्या खिशात नव्हे, बाईच्या गाठोड्यात. तिच्यात तापाची तारीख, चाव्याची जागा, दिलेले औषध, पहिल्या नमुन्याचा दिवस आणि दुसऱ्या नमुन्याची नियत तारीख लिहिलेली असली, की सांगलीचा डॉक्टर आणि बीडचा डॉक्टर एकाच रुग्णाबद्दल बोलू लागतील.

डॉक्टरांना आमचे सांगणे कडक आहे, आणि ते आम्ही आदराने सांगतो, कारण आडगावच्या दवाखान्यात एकटा तरुण डॉक्टर रोज शे-दीडशे रुग्ण पाहतो हेही आम्ही जाणतो. संशय आला तर अहवालाची वाट पाहू नका, डॉक्सिसायक्लिन लगेच सुरू करा. पण गोळी देण्याआधी नमुना घ्या. गोळीने रोगी वाचतो, नमुन्याने गाव वाचते. आणि केसपेपरावर 'ताप' एवढेच लिहून पान उलटू नका. 'टायफसचा संशय' हे तीन-चार सेकंदांचे अक्षर आहे. व्हिएगासांनी 'प्लेग' म्हणायला शहर अंगावर घेतले होते.

राहिला गावचा माणूस, आणि आमचा शेवटचा शब्द त्याच्याशी आहे. मामल्याने दाखवून दिले की पहिली खबर तुमच्याकडे असते. घरात, कणगीपाशी, पांदीत उंदीर पडलेले दिसले, तर हाताने उचलू नका. लेकरे आणि कुत्री लांब ठेवा. पिसवा अचानक वाढल्या, अंगातून गोचीड निघाली, जांघेत गाठ आली, तापावर ठिपके उठले, तर तारीख लिहून ठेवा. आशाताईंना सांगा, पण सांगून थांबू नका. ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात लेखी अर्ज द्या, त्यावर शिक्का मारून घ्या, आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.